रोझरीला बसलं तर माळ बाटते का?

रामकृष्णहरी.

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात नोकरीला, बायको वसईची कॅथलिक. चार वर्षांपूर्वी आळंदीला एका महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातलीत, हरिपाठाचा आणि जपाचा नेम घेतलात. सासुरवाडीला गेलात की रात्री जेवणाआधी सगळं घर रोझरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या कॅथलिक प्रार्थनेला, बसतं. तुम्हीही बसता, आणि परतताना गाडीत मन खातं की आपण विठ्ठलाशी प्रतारणा केली. सहा वर्षांची मुलगी विचारते, खरा देव कुठला. ऑफिसात शेजारी बसणारा वेळ झाली की लॅपटॉप मिटून नमाजाला जातो, त्याचा हेवा वाटतो. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, एक ओळ: तसा दिवाळीपासून जप सुटलाच आहे.

मी त्या कंसापासूनच सुरुवात करते. रोझरीबद्दल तुम्ही बारा ओळी लिहिल्यात, सुटलेल्या जपाबद्दल एक. वसईला तुम्ही वर्षातून आठ-दहा वेळा जात असाल. उरलेले साडेतीनशे दिवस जपाच्या आड कोण येतं? रागावू नका, हे मी स्वतःला विचारून झालेलं आहे. नेम मोडला की मन काहीतरी मोठं, तात्त्विक कारण शोधतं. 'आळस झाला' म्हणण्यापेक्षा 'धर्मसंकट आहे' म्हणणं जरा बरं दिसतं.

माझ्याविषयी सांगते, म्हणजे कुठली बाई बोलते आहे ते कळेल. गळ्यात माळ येऊन एकतीस वर्षं झाली. सरकारी रुग्णालयात नर्स होते, आता निवृत्त. कीर्तन करत नाही, शास्त्र शिकलेली नाही. जे काही कळलं ते नाइट ड्यूटीत, तऱ्हेतऱ्हेच्या माणसांच्या खाटांशेजारी उभं राहून. त्यामुळे तुमच्या महाराजांचा शब्द आणि माझा शब्द यांत फरक पडला, तर आधी त्यांना विचारा.

आता रोझरी. घरातली वडीलधारी माणसं प्रार्थनेला बसली असताना जावयाने शेजारी शांत बसावं, यात माळ बाटण्यासारखं काही नाही. तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते आणि मग पुढे निघते. ज्या वाटेने आपण चालतो तिच्यावरचाच हा थांबा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद सोळाव्या-सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम' लिहिणारे. ते स्वतःबद्दल म्हणतात, 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद.' या ओळीत मला नेहमी एक गोष्ट खुणावते. त्यांनी 'अविंध', म्हणजे मुसलमान, हा शब्द गाळला नाही. आपण कोणत्या घरातले हे झाकून त्यांनी गोविंद मिळवला नाही. एकाच ओळीत दोन्ही शेजारी ठेवले आणि पुढे गेले.

पण म्हणून 'सगळं एकच आहे हो' असं म्हणून मोकळं व्हा, असंही मी सांगणार नाही. हे वाक्य मला फारसं आवडत नाही. कठोर वाटेल, पण सगळे धर्म सारखे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एकही धर्म जवळून पाहिलेला नसतो. तुमच्या सासूबाईंसाठी येशू हा अनेक अवतारांपैकी एक नाही. तुमच्या नमाजी मित्रासाठी देवाला रूप नाही, मूर्ती नाही आणि त्यात तडजोडही नाही. आपल्याला तर विटेवरचं ते सावळं रूप डोळे भरून पाहायचं असतं. हे फरक खरे आहेत. ते पुसून दोस्ती केली तर ती समोरच्याशी होत नाही, आपल्या मनातल्या चित्राशी होते. एकनाथ महाराजांचा 'हिंदू-तुर्क संवाद' वाचून बघा. दोघे आधी कडकडून भांडतात, एकमेकांच्या देवाधर्मातली उणीदुणी काढतात आणि मग शेवटी गळाभेट घेतात. नाथांनी भांडण वगळून थेट गळाभेट लिहिली असती, तर तिची किंमत आपल्याला कळली नसती.

यातला फरक मला शिकवला तो एका रात्रीने. वॉर्डात एक वयस्क मुसलमान आजी होत्या, शेवटचे तास. मुलगा औषधं आणायला गेलेला, लेक गावाहून निघालेली, पोचायला पहाट होणार. आजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. इतकी वर्षं ऐकून कलमा मला पाठ झाला होता. क्षणभर वाटलं, आपणच म्हणावा, त्यांना ऐकू तरी जाईल. पण मग मनात आलं, माझ्या तोंडून ते शब्द म्हणजे नुसता आवाज. त्यामागची ग्वाही माझी नाही. बाहेर व्हरांड्यात एक गॅरेजवाला पोरगा भावाच्या अपघातामुळे बसून होता. त्याला हाक मारली. त्याने नळावर वजू केली, म्हणजे प्रार्थनेआधी हात-तोंड-पाय धुतले, आजींच्या उशाशी बसला आणि त्यांच्या कानाशी हळू आवाजात म्हणत राहिला. मी सलाईनपाशी उभी. माझ्या आत माझं विठ्ठल-विठ्ठल चालूच होतं, कोणाला ऐकू न जाता. आजी पहाटे गेल्या. लेक नंतर पोचली. तिने आधी विचारलं की जवळ कोण होतं, आणि मग रडली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. दुसऱ्याची प्रार्थना मी करत नाही, ती नीट व्हावी याची व्यवस्था करते. औषधांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर माझ्याकडे गंगाजळाची छोटी बाटली असायची आणि जवळच्या चर्चच्या फादरांचा नंबर चिकटवलेला. बाळंतिणीच्या वॉर्डात कुणाचे आजोबा बाळाच्या कानात अजान द्यायला आले, की रजिस्टर भरायला मी दोन मिनिटं उशीर करायची. यात माझ्या माळेचा एक मणीही इकडचा तिकडे झाला नाही.

तुम्हीही सासुरवाडीला असंच पाहुण्यासारखं बसा. पाहुणा जेवतो, गप्पा मारतो, घरच्या रीती पाळतो, पण कपाटं उघडत नाही. रोझरीत पाठीचा कणा ताठ ठेवून बसा, मनात आपलं नाम चालू द्या, 'आमेन'पाशी मान लववा. त्यांच्या शब्दांत स्वतःचे अर्थ भरायला जाऊ नका आणि 'आमच्यातही असंच आहे' हे दर वेळी सांगू नका. तेही एक प्रकारचं ओढून नेणंच असतं. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलात, तर परमप्रसाद घ्यायला रांगेत लागू नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो आणि त्यांच्या दृष्टीने ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर असतं. आपण 'प्रसाद तर आहे' म्हणून हात पुढे करणं हा अपमान होईल, जरी हेतू चांगला असला तरी. जागेवर बसून राहिलात तर कुणाला वाईट वाटत नाही.

हे मी उलट्या बाजूने शिकले. एका आषाढीनंतर पंढरपूरहून आणलेले चुरमुरे-बत्तासे वॉर्डात वाटले. आमची एक सहकारी नमाजी. तिने पुडी हातात घेतली, पण तोंडात काही टाकलं नाही, हळूच टेबलावर ठेवली. मला दोन दिवस लागून राहिलं. त्याच बाईने वारीच्या माझ्या रजेत माझ्या तीन नाइट ड्यूट्या काढल्या होत्या. तिला मी प्रिय होते, पण देवाला दाखवलेला नैवेद्य तिला चालत नव्हता. दोन्ही खरं होतं. पुढच्या वर्षापासून तिच्यासाठी पंढरपूरहून बांगड्या आणायला लागले. ईदचा शीरखुर्मा मी तिच्या घरी बसून वाटीभर खात असे.

यावरून जेवणाचा मुद्दा आला, तुम्ही तोही ओझरता लिहिलाय. माळ विधिपूर्वक घातली असेल तर मांसाहार नाही, एवढं नक्की. बाकी कांदा-लसूण, त्यांची भांडी, त्यांचं पाणी यावर तुमच्या महाराजांनी काय सांगितलं यावर अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर ताट वेगळं असू दे, पंगत वेगळी करू नका. रविवारी सगळे मटण-पाव खात असताना त्याच टेबलावर वरणभात खाता येतो. मी डॉक्टरांच्या पार्ट्यांना हे वर्षानुवर्षं केलं. फक्त तोंड वाकडं करायचं नाही आणि शाकाहाराचे फायदे सांगायचे नाहीत. हे दुसरं जास्त अवघड जातं.

एकाच छपराखाली दोन प्रार्थना राहू शकतात का, याची तुम्हाला धास्ती वाटत असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी, 'स्मृतिचित्रे', वाचा. पूर्वी वाचली असतील तरी आता नवरा म्हणून पुन्हा वाचा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत ताटातूट आहे, लोकांचे टोमणे आहेत, पुन्हा एकत्र येणं आहे, आणि मग तिचं सोवळं आणि त्यांची प्रार्थना शेजारी शेजारी चालणं आहे. त्या बाईंनी स्वतःचा विचार स्वतः करेपर्यंत सोवळं सोडलं नाही. ते प्रॉटेस्टंट घर होतं, तुमचं सासर कॅथलिक. काळही वेगळा. पण टिळक ख्रिस्ती झाले म्हणून अभंग त्यांच्या हातातून सुटला नाही. आपल्या संतांच्या वळणाने ते ख्रिस्ताचे अभंग रचत राहिले, आणि त्यांची गीतं मराठी चर्चमधून आजही म्हणतात. गोव्यात तर फादर स्टीफन्स या इंग्लंडातून आलेल्या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूने बायबलची कथा ओवीत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. सासूबाईंना कधी विचारा, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या कोणती जुनी मराठी प्रार्थना म्हणायच्या. तुम्हाला ओळखीची लय सापडण्याचा संभव आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही, कारण ते तुम्ही दोघांनी काय ठरवलंय यावर आहे. लग्न चर्चमध्ये झालं असेल, तर मुलांचा बाप्तिस्मा आणि वाढवणं कॅथलिक रीतीने व्हावं यासाठी शक्य ते करण्याचं वचन चर्च कॅथलिक जोडीदाराकडून घेतं आणि दुसऱ्याला त्याची कल्पना देतं. म्हणजे तुम्हाला तेव्हा सांगितलं गेलं असणार. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल तर कायद्याकडून अशी काही अट नाही. काहीही असो, आधी नवरा-बायकोने दार लावून बोला. मुलीसमोर नको. एक मात्र सांगते. सहा वर्षांचं पोर 'खरा देव कुठला' विचारतं तेव्हा त्याला बहुतेक वेळा वेदान्त नको असतो. आईच्या देवाला हात जोडले तर बाबा रुसतील का, ही भीती असते. तिला सांगा, आई येशूशी बोलते, बाबा विठ्ठलाशी बोलतात, आणि तू दोघांच्या मांडीवर बसू शकतेस. 'दोघे एकच आहेत' म्हणालात तर ती लगेच विचारेल, मग फोटो दोन का? आणि तिचं बरोबर असेल.

आता तुमच्या शेजारच्या नमाजी मित्राचा हेवा. हा हेवा कामाचा आहे, तो सोडू नका. मी नाइट ड्यूटीच्या वर्षांत जपात सारखी घसरत होते. एक रात्र चुकली की वाटायचं, आता गेलंच, आणि मग आठवडाभर काही नाही. त्या सहकारी बाईकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की तिच्या नमाजाला नुसती वेळ नाही, चुकलं तर काय करायचं त्याचेही नियम आहेत. वेळ टळली तर कजा, म्हणजे नंतर भरून काढायची. प्रवासात असाल तर चार रकात, म्हणजे नमाजाची चार आवर्तनं, दोनवर येतात. आजारी माणसाने बसून करावी, तेही जमत नसेल तर पडून. त्यामुळे तिची एक नमाज टळली तरी साखळी तुटत नव्हती. माझा नेम मात्र काचेचा होता, एकदा तडा गेला की फेकून द्यायचा.

मी माझ्यापुरते तसे नियम केले. घरी असेन त्या दिवशी पूर्ण हरिपाठ, मला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. ड्यूटीवर फक्त पहिला अभंग, युनिफॉर्म बदलताना. तो चुकलाच तर दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर आधी कालचा आणि मग आजचा. ज्ञानोबारायांनीही पहिल्याच चरणात 'उभा क्षणभरी' म्हटलंय, तास-दीड तास म्हटलेलं नाही. त्या 'क्षणभरी'ने माझी नोकरीची वर्षं तारली. तुमचं तसंच करा. ऑफिसच्या दिवसाला एक छोटा नेम, घरच्या दिवसाला मोठा, आणि चुकल्यास काय ते आधीच वहीत लिहून ठेवा. वसईच्या दिवसासाठी तिसरा. पहाटे लोक उठायच्या आत गच्चीवर माळ ओढता येईल. मग संध्याकाळी रोझरीला बसताना तुमचा विठ्ठल उपाशी राहिलाय असं वाटणार नाही. मला खरंच वाटतं की तुमची टोचणी तिथली आहे. सकाळी आपल्या घरचं काही झालेलं नसतं, म्हणून संध्याकाळी दुसऱ्याच्या घरचं चोरल्यासारखं वाटतं.

रोझरीकडूनही मी एक गोष्ट घेतली, आणि ती घ्यावी की नाही यावर बरेच दिवस घोळ घातला. आमच्याबरोबर केरळची एक सिस्टर होती. तिच्या रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट. ती प्रत्येक गट वॉर्डातल्या एका खाटेसाठी म्हणायची. पहिले दहा चार नंबरसाठी, पुढचे दहा अकरा नंबरसाठी. आपली माळ एकशेआठची, मेरुमण्यापाशी फिरून परत. मला वाटलं, आपणही प्रत्येक माळ कुणाच्या तरी नावाने ओढावी. पण आपल्याकडे जप निष्काम असावा म्हणतात ना. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बुवांना विचारलं. ते तंबाखू मळत म्हणाले, 'मागायला हरकत न्हाई बाई, हिशेब ठेवू नगंस.' म्हणजे अमक्यासाठी पाच माळा केल्या तरी तो बरा का झाला नाही, असं देवाला विचारायचं नाही. तेवढं पथ्य पाळून मी ते अजून करते. त्याच सिस्टरच्या रोझरीत प्रत्येक दहा मण्यांना ख्रिस्ताच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा असतो. तेही आठवडाभर करून पाहिलं, आपल्या संतांचे प्रसंग घेऊन. जमलं नाही. माझं नाम त्या प्रसंगांच्या मागे मागे धावायला लागलं. सोडून दिलं. सगळंच उचलून आणायचं नसतं, आणि आणलेलं सगळं आपल्या घरात मावतही नाही.

विनोबांनी कुराणाचा सार काढला तो आधी अरबी शिकून, वर्षानुवर्षं मूळ वाचून. आपल्याकडे तेवढी तयारी नसते, तर निदान घाई तरी नको. तुमच्या मित्राचं किंवा सासूबाईंचं एखादं काही आवडलं तर वर्षभर नुसतं पाहा, त्यांना विचारा, मग घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की चर्चमध्ये जाताना माळ शर्टाच्या आत ढकलू की बाहेर राहू देऊ. जशी रोज असते तशी राहू द्या. मुद्दाम दाखवू नका, मुद्दाम लपवू नका. सासूबाईंनी चार वर्षांत पाहिली आहेच. आणि पुढच्या महिन्यात जाणार असाल तर कॅलेंडर बघून घ्या. एकादशी वसईच्या मुक्कामात येत असेल तर त्यांना आदल्या दिवशीच फोन करा. साबुदाणा रात्री भिजवावा लागतो आणि ऐनवेळी सांगितलं की सासूबाईंची धावपळ होते.